हळूबाबांचा निवाडा

“मोडली की नाही मोडली, एवढंच सांगा बाबा.”

“काय मोडलं?”

“परिक्रमा.”

“कोनाची?”

“माझी!”

बाबांनी वाटीतलं मोहरीचं तेल बोटांवर घेतलं आणि डावा गुडघा चोळायला सुरुवात केली. गुडघा चांगलाच सुजला होता. उजवा त्या मानानं बरा होता, पण त्याचीही पाळी येणार होती.

“सांगतो,” बाबा म्हणाले. “हा एक गुडघा होऊ दे.”

प्रभाकर सबनीस समोर उभेच राहिले. बसा असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी ते बसले नसते. उभ्या उभ्या प्रश्न टाकायचा आणि उभ्या उभ्याच उत्तर घेऊन निघायचं, ही त्यांची जन्माची सवय होती.

नर्मदेच्या परिक्रमेचा नियम तसा सोपा आहे. मैया उजव्या हाताला ठेवायची. एका तटानं समुद्र गाठायचा, नावेत बसून मुखाला वळसा घालायचा, दुसऱ्या तटानं उगमापर्यंत जायचं आणि निघालो त्या जागी परत यायचं. वाटेत उपनद्या ओलांडाव्या लागतात, त्याला हरकत नाही. मैयाचं पात्र मात्र ओलांडायचं नाही. ओलांडलं की परिक्रमा खंडित झाली. मग पुन्हा पहिल्यापासून.

सबनीसांनी नेमकं तेच केलं होतं. निदान केलं असावं, असा संशय होता, आणि त्या संशयानं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गडी साधासुधा नव्हता. मूळ साताऱ्याकडचे, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, वय एकोणसत्तर. सत्तरी लागायच्या आत परिक्रमा पुरी करीन असा पण करून घराबाहेर पडले होते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे आणि अंधारातच चालू पडायचे. पंचविशीतल्या पोरांना मागं टाकायचे. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. मुक्कामाला पोचल्यावर ते शेजारच्याला दाखवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. वाटेत कोणी भेटलं तर ‘नर्मदे हर’ म्हणायचे, पण पाय न थांबवता. पोरांनी त्यांचं नाव ‘एक्सप्रेस काका’ ठेवलं होतं. काकांना ते मनातून फार आवडायचं.

आणि ज्यांच्यासमोर ते उभे होते त्यांना सगळा तट हळूबाबा म्हणायचा. संन्यासातलं नाव उदयगिरी, मूळचे वऱ्हाडातले, वय ऐंशीच्या पुढे. किती पुढे ते त्यांनाही नक्की सांगता येत नसे. दिवसाला एखादं गाव चालायचे. मनाला आलं तर तेवढंही नाही. पण परिक्रमेच्या नियमात कोणाचं अडलं की सगळे एकच सांगायचे, हळूबाबांना विचारा, ते म्हणतील ते खरं.

सबनीसांनाही सगळ्यांनी तेच सांगितलं. पण हळूबाबा मागून येत होते. कारण सबनीसांनीच चार दिवसांपूर्वी त्यांना वाटेत गाठून, ‘नर्मदे हर’ ठोकून, मागं टाकलं होतं.

मागं फिरणं सबनीसांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग काय करणार? उत्तर तटावरच्या त्या लहानशा धर्मशाळेत पडवीच्या कडेला सतरंजी टाकून बसले. ज्यांना थांबणं माहीत नाही, त्यांना घाई माहीत नसलेल्या माणसाची वाट बघावी लागली. दिवसातून दहा वेळा रस्त्यावर जाऊन येत होते. धर्मशाळेचा सेवेकरी तर म्हणाला, काका, एवढ्या फेऱ्यांत पुढचा मुक्काम झाला असता.

शेवटी आज सकाळी बाबा उगवले. आल्या आल्या त्यांनी तेलाची वाटी मागितली.

“हं,” बाबा आता उजव्या गुडघ्याकडे वळले. “सांग. काय झालं?”

“सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी...”

“घड्याळ राहू दे. काय झालं ते सांग.”

सबनीसांनी घड्याळावर बाही ओढली.

“नदीच्या वाळवंटात कलिंगडाची वाडी होती. वाडीवाल्यानं हाक मारली. मधे थोडं पाणी होतं. घोट्याएवढं. मला वाटलं, डबकं आहे, मागच्या पुराचं साचलेलं. मी त्यातून चालत पलीकडे गेलो.”

“मंग?”

“परत येताना बघितलं, तर पाणी सरकत होतं.”

“मंग?”

“डबकं नव्हतं ते. फाटा होता. मैयाचाच फाटा. वाडी बेटावर होती.”

बाबांचा हात गुडघ्यावर थांबला.

“नोकरी कशाची करत होता तू?”

“पाटबंधारे खात्यात होतो.”

“म्हंजे पान्याचीच.”

“हो.”

“सारी नोकरी?”

“सारी.”

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं सबनीसांना वाटलं.

“लोक काय म्हनून राहिले?”

“एक म्हणतो, घोट्याएवढ्या पाण्याला ओलांडणं म्हणत नाहीत. दुसरा म्हणतो, गेलात तसे परत आलात, फिटंफाट झाली. परिक्रमेला निघालेल्या एक मातारामजी म्हणाल्या, उपवास करा आणि कुमारिकेला जेवू घाला. आणि एक बुवा म्हणाले...” सबनीसांचा आवाज उतरला. “म्हणाले, मोडली. पिशवी उचला आणि घरी जा.”

“हं.”

“तुम्ही सांगा.”

बाबांनी तेलाचा हात धोतराला पुसला. धोतर तसंही तेलकटच होतं.

“आन् टरबूज?”

“कलिंगडाचं काय?”

“गोड होतं का?”

सबनीसांना वाटलं, आपण ऐकण्यात चूक केली. पण बाबा अगदी गंभीर चेहऱ्यानं उत्तराची वाट बघत होते.

“त्याचा इथं काय संबंध?”

“संबंधाचं मी नाई इचारलं. गोड होतं का?”

“माझं लक्ष नव्हतं.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि वाटीतलं उरलेलं तेल पायाच्या बोटांना लावू लागले.

एक एक बोट. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत.

सबनीसांच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस वाट बघितली ती काय ह्याच्यासाठी? खात्यात असते तर असल्या माणसाची फाइल त्यांनी शेरा मारून परत पाठवली असती. पण इथं फाइल त्यांचीच होती.

“बाबा, मी गंमत करायला आलेलो नाही. मला निवाडा हवा आहे. मोडली नसेल तर मला आत्ता निघायचं आहे, फार वेळ गेला. आणि मोडली असेल तर...”

ते थांबले.

“तं?”

“तर संपलंच.”

“काहून संपलं? फिरून सुरू कर.”

“फिरून!” सबनीस एकदम मोठ्यानं बोलले. “एकोणसत्तर वय आहे माझं. ही एकच करायची आणि मग घरी बसायचं, असा मुलाला शब्द दिलाय. सुनेनं खालच्या मजल्यावरची खोली लावून ठेवली आहे. जिना नको म्हणून. मुलानं खुर्ची आणली आहे, आरामखुर्ची, बटण दाबलं की पाय वर होतात.”

बाबांच्या डोळ्यांत कुतूहल चमकलं.

“आपोआप?”

“हो.”

“मंग खाली कोन करते?”

“तेही बटणच.”

“बरी दिसते.”

“चांगलीच महागाची आहे.”

“तं मंग बस की जाऊन. तुले तं बसायचंच आहे. परिक्रमा पुरी झाली काय, मोडली काय, खुर्ची तं तीच.”

“तीच कशी?” सबनीस म्हणाले.

“काहून? दुसरी आनली का?”

“बाबा, तुम्हाला कळत नाही.”

“नाई कळत. म्हनून तं इचारतो.”

पडवीत आता ऊन येऊ लागलं होतं. सेवेकऱ्यानं चुलीवर डाळ ठेवल्याचा वास येत होता. सबनीस पडवीच्या खांबाला टेकले, मग खाली सरकले आणि बसले. आपण बसलो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“पुरी करून गेलो असतो,” ते हळू बोलू लागले, “तर मी थांबलो असं झालं असतं. मी. माझ्या मनानं. सगळं झालं, आता पुरे, असं म्हणून.”

“आन् मोडून गेला तं?”

“तर मला थांबवलं असं होईल. वयानं. लोक म्हणतील, जमलं नाही म्हाताऱ्याला. साठी बुद्धी नाठी, साधा ओढा ओळखता आला नाही. आणि मग त्या खुर्चीत बसलो की...”

“की?”

“की मग उठणारच नाही मी.”

हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बायको होती तेव्हा तिलासुद्धा नाही. रोज पहाटे अंधारात जे त्यांना उठवायचं आणि दिवसभर पुढं हाकायचं, ते हेच होतं. भक्ती थोडी होती, नाही असं नाही. पण भीती जास्त होती. एकदा बसलो की संपलो. आता सांगून टाकल्यावर त्यांना लाजही वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

बाबांनी रिकामी वाटी बाजूला सारली.

मग म्हणाले, “टरबूज गोड होतं का?”

ह्या वेळी सबनीसांना राग आला नाही. त्यांनी नदीकडे बघितलं.

“वाडीवाल्यानं ते सुरीनं कापलं नाही,” ते म्हणाले. “मुठीनं फोडलं. एकाच ठोक्यात दोन भाग. आत लालभडक. सकाळचं होतं, वाळूत राहिल्यानं गार पडलेलं. मी म्हटलं एक फोड देऊन टाका, मला जायचंय. तर तो म्हणाला, फोड कसली, अर्धं घ्या आणि बसा.”

“बसला?”

“बूट काढले. पाय पाण्यात सोडले. त्याच पाण्यात... डबक्यात.” सबनीसांच्या मिशीखाली कुठंतरी हसू हललं. “हातानं खाल्लं. रस कोपरापर्यंत गेला. घड्याळ चिकट झालं म्हणून काढून ठेवलं. त्याची म्हातारी आई होती, ती बिया किती लांब थुंकता येतात ते दाखवत होती. मीही थुंकलो.”

“कोनाची लांब गेली?”

“तिचीच.”

“हं.”

“तासभर बसलो असेन. नक्की सांगता येणार नाही, घड्याळ नव्हतं ना हातात. गोड होतं बाबा. फार गोड होतं. निघाल्यापासून इतक्या दिवसांत तेवढा एकच तास मी...”

पाटबंधारे खात्यातला कार्यकारी अभियंता एका कलिंगडापायी रडायला आला होता, आणि ते त्याला थांबवता येत नव्हतं.

बाबांनी तिकडं मुळीच लक्ष दिलं नाही.

“तहान लागली,” ते म्हणाले. “पानी आन.”

सबनीस डोळे पुसत उठले. पडवीच्या टोकाला माठ होता. लोट्यात पाणी घेऊन ते वळले आणि जागच्या जागी खिळले.

त्यांची सतरंजी, त्यावर त्यांची पिशवी, पिशवीशेजारी पांढऱ्या कापडात ठेवलेली बाटली. प्रत्येक परिक्रमावासी निघताना मैयाचं जल एका बाटलीत भरून घेतो. ते जल म्हणजेच मैया. सकाळ-संध्याकाळ तिची पूजा करायची, तिला जमिनीवर ठेवायचं नाही, उष्टं लागू द्यायचं नाही आणि परिक्रमा पुरी झाली की ते जल अर्पण करायचं. सबनीसांनी ती बाटली तान्ह्या पोरासारखी जपली होती.

ती बाटली बाबांच्या तोंडाला होती.

गट गट गट... गळ्याची घाटी वर-खाली होत होती. शेवटचा थेंबसुद्धा त्यांनी बाटली उलटी करून जिभेवर घेतला. मग मिशा पुसल्या, झाकण लावलं आणि रिकामी बाटली सतरंजीवर ठेवली.

“बाबा!”

“काय?”

“हे काय केलंत?”

“आता मोडली,” बाबा म्हणाले.

सबनीसांच्या हातातला लोटा कलंडला होता. पाणी पायावर सांडत होतं.

“तू इचारलं ना, मोडली का नाई मोडली? मघा सांगता येत नव्हतं. पानी किती होतं, फाटा का डबकं, मी काई पाह्यलं नाई. आता सांगता येते. मोडली. कोनाले इचारायची गरज नाई.”

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते सबनीसांना त्या क्षणी कळलं. समोरचा माणूस संन्यासी नसता, म्हातारा नसता, तर त्यांनी काय केलं असतं देव जाणे. त्यांनी लोटा दाणकन खाली ठेवला, रिकामी बाटली उचलली आणि घाटाच्या पायऱ्या उतरून गेले.

शेवटच्या पायरीवर ते बसले. आता रडू येईल म्हणून थांबून राहिले. आलं नाही. राग तरी टिकेल असं वाटलं होतं, तोही थोड्या वेळानं कुठंसा गेला. मग लक्षात आलं, की आपल्याला भूक लागली आहे. चांगली कडकडून भूक लागली आहे.

समोर पाणी होतं. दोन म्हशी त्यात बसल्या होत्या आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हत्या. पलीकडच्या तटावर कोणी बाई कपडे आपटत होती. हात आधी दिसायचा आणि आवाज मागून यायचा. इतके दिवस मैया त्यांच्या उजव्या हाताला होती. आज पहिल्यांदा ती समोर होती. ते बघत बसले.

आता कोणाला गाठायचं नव्हतं. कोणाच्या पुढं जायचं नव्हतं. मोडायला काही उरलंच नव्हतं. जे होऊ नये म्हणून ते चार महिने पळत होते ते होऊन गेलं होतं, आणि ते स्वतः मात्र होते तसेच होते. पाय होते, भूक होती, आणि सकाळ अजून बरीच शिल्लक होती.

सबनीस पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी बाटली विसळली आणि भरून घेतली. नियम त्यांना पाठ होताच. परिक्रमा तटावरून कुठूनही उचलता येते. जिथून उचलली तिथं ती पुरी होते. त्यांनी बाटली कपाळाला लावली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मग सदऱ्याच्या खिशातून फोन काढला.

“अप्पा!” मुलगा हृषीकेश घाईतच बोलत होता. “कुठपर्यंत आलात? किती राहिली?”

“मोडली.”

“काय?”

“परिक्रमा मोडली रे. खंडित झाली.”

मुलाच्या आवाजात काळजी आणि सुटका दोन्ही एकदमच आल्या. “असू द्या अप्पा. मनाला लावून घेऊ नका. झालं तेवढं खूप झालं. मी गाडी पाठवतो, उद्या निघा.”

“नको.”

“मग?”

“पुन्हा निघतोय.”

“पुन्हा म्हणजे? अहो अप्पा, वय काय तुमचं...”

“वय बरोबरच येणार आहे. त्याला कुठं ठेवून येऊ?”

“आणि पावसाळ्यात? पावसाळ्यात चालत नाहीत ना?”

“चार महिने राहीन कुठंतरी. एखादं बरं गाव बघून. ओळखी होतील.”

“म्हणजे परत कधी येणार तुम्ही?”

सबनीसांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सवयीनं तारीख, वार, गाडीची वेळ सगळं जिभेवर यायला हवं होतं. काही आलं नाही, आणि त्याचं त्यांना हसू आलं.

“कळवीन,” ते म्हणाले.

“आणि ती खुर्ची?”

“तू बस. फार दमतोस तू.”

ते पायऱ्या चढून वर आले तेव्हा बाबांची झोळी भरून झाली होती. डाळ आणि जाड भाकरीसारखे टिक्कड दोघांनी एकाच पंगतीत खाल्लं. सबनीसांनी तीन टिक्कड खाल्ले. बाटलीबद्दल बाबांनी विचारलं नाही आणि सबनीसांनी सांगितलं नाही. पण पांढऱ्या कापडात ती पुन्हा भरलेली दिसत होती.

जेवण झाल्यावर बाबांनी हात पुढं केला.

“उठव.”

सबनीसांनी दोन्ही हातांनी त्यांना उठवलं. बाबा उठले, एक गुडघा सरळ केला, मग दुसरा, आणि काठी टेकत चालू लागले. थँक्यू नाही, लाज नाही, ‘वय झालं बघा’ नाही. हात हवा होता, मागितला, मिळाला. सबनीसांना हे नवीन होतं. आयुष्यात ते कधी पडले होते तेव्हासुद्धा आपले आपण उठले होते.

सबनीस त्यांच्याबरोबर निघाले, आणि लगेच कळलं की हे काम सोपं नाही. पाय पुढं पळायचे. दहा पावलं गेलं की बाबा मागं राहायचे, मग उभं राहावं लागायचं. पायांना जन्माची भिंगरी लागलेली, ती एका दिवसात कशी सुटणार? एकदा तर ते इतके पुढं गेले की परत फिरून यावं लागलं. मागं न फिरण्याचं तत्त्व त्या वाटेवरच कुठंतरी गळून पडलं.

गव्हाची कापणी चालली होती. एका बांधावर तीन-चार जण काटक्यांवर ओंब्या भाजत बसले होते. बाबा सरळ त्यांच्यात जाऊन बसले. सबनीस थोडा वेळ रस्त्यावर उभे राहिले. मग तेही गेले.

गरम ओंब्या तळहातावर चोळायच्या, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि दाणे तोंडात टाकायचे. पहिल्या फुंकरीत सबनीसांनी भुशाबरोबर निम्मे दाणेही उडवले. सगळे हसले. सबनीसही हसले.

तेवढ्यात रस्त्यावरून पोरांची टोळी आली. सबनीसांना त्यांनी लांबूनच ओळखलं.

“नर्मदे हर, एक्सप्रेस काका! इथं कसे? पाय दुखावला का?”

“नाही रे.”

“मग तब्येत?”

“बरी झाली,” सबनीस म्हणाले. “या, ओंब्या खा.”

पोरांना वेळ नव्हता. संध्याकाळच्या आत पुढचा मुक्काम गाठायचा होता. ती हात हलवून भराभर पुढं गेली. त्यांच्या पाठी धुरळ्यात दिसेनाशा होईपर्यंत सबनीस बघत राहिले. आपण मागून कसे दिसत असू ते त्यांना आज दिसलं.

बाबांनी नवी ओंबी विस्तवावर धरली होती. ती तडतडत होती. त्यांना उठायची कसलीच घाई दिसत नव्हती. वय चौऱ्याऐंशी असेल की सत्त्याऐंशी, कोण जाणे; पण ओंबीकडे बघताना तोंडावर सगळा आनंद होता.

सबनीसांना एक गोष्ट सकाळपासून विचारायची होती. रागात राहून गेली, मग भुकेत राहून गेली.

“बाबा, तुमच्या परिक्रमा किती झाल्या?”

“एक चालू आहे.”

“एकच? सगळे तर म्हणतात...”

बाबांनी ओंबी तळहातावर चोळली. फुंकर मारली. एकही दाणा उडाला नाही. निम्मे दाणे त्यांनी सबनीसांच्या हातावर ओतले.

“मग ती सुरू कधी झाली?”

बाबा दाणे चावत राहिले...

“मोडली त्या दिशी.”